सहा किंवा जास्त वेळा

३ सप्टेंबर

प्रिय मास्तर,

काल संध्याकाळी घरी पोचले. फोन करणार होते, पण फोनवर आपण दोघंही नुसतं गोड बोलतो. मावसभावंडांनी दहा वर्षांनी भेटावं आणि तीस प्रश्नांपैकी दोनच विचारावेत, असं आपलं झालं. चहा मात्र तू अजून पाणचटच करतोस.

तुमच्या शाळेतली सकाळ मनातून जात नाही. एकदा शाळेतून बाहेर फेकली गेलेली मुलं जिथे पुन्हा शिकायला येतात, अशा बावीस शाळांत आमचं कार्यालय हे सर्वेक्षण करतंय. तुझी सतरावी. काय पिता, काय ओढता, कोण मारतं, जेवता किती वेळा, झोपता कुठे, असे बहात्तर प्रश्न. तुला वर्गाबाहेर काढलं त्याचा राग धरू नकोस, शिक्षक समोर असले की मुलं शिक्षकांसाठी लिहितात. तू बाहेर सुतारकामाच्या पटाशीला धार लावत बसला होतास, त्याचा आवाज शेवटपर्यंत येत होता.

मी नेहमीचं सांगितलं: नाव लिहायचं नाही, कागद लिफाफ्यात, लिफाफा स्वतःच चिकटवायचा, कोणाचा कागद कुठला ते मलाही कळणार नाही. मुलं मान डोलावत होती. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने मात्र विचारलं, "म्हणजे कोणी वाचणार नाही?" मी म्हटलं, वाचणार, पण कोणाचं आहे ते कळणार नाही. ती म्हणाली, "मग चालेल." सोळा वर्षांत हा प्रश्न मला इतक्या नीट कोणी विचारला नव्हता. तिचा शर्ट असा कडक, की बाकीची पोरं तिला 'इस्त्री' म्हणून हाक मारत होती.

दुपारी मला स्टँडवर सोडायला तू ज्या लाँड्रीवाल्यांना सांगितलंस, ते तिचेच वडील निघाले. गाडीभर दवाखान्याच्या चादरींची गाठोडी, साबणाचा वास. ते लवंग चघळत होते, मलाही दिली. ती मध्ये बसली होती आणि तिचा एक हात स्टिअरिंगवर. ते हसून म्हणाले, "हात साफ होतोय तिचा." मीही हसले. का कोण जाणे, ते हसणं मला वहीत लिहून ठेवावंसं वाटलं.

तुझी,
ताई


११ सप्टेंबर

प्रिय ताई,

पत्र वर्गात वाचलं, दोन पोरांनी विचारलं, "मास्तर, लव्हलेटर?" म्हटलं, बहिणीचं आहे, चहाला नावं ठेवलीत. पोरं म्हणाली, बरोबर आहे त्यांचं. तेव्हा तुझा पक्ष इथे मजबूत आहे.

लाँड्रीवाल्यांचं तू लिहिलंस ते वाचून बरं वाटलं. आमच्याकडे पालक म्हणजे सही न केलेला कागद. मीटिंगला बोलावलं तर एकोणचाळीस मुलांमागे चार जण येतात, त्यातला एक चुकून आलेला असतो. हा माणूस मात्र बायको गेल्यापासून पोरीला रोज सकाळी स्वतः सोडतो, स्वतः तिचे कपडे इस्त्री करतो. जूनमध्ये आमच्या रस्त्यावरची बस बंद झाली तेव्हापासून मलाही नेत असे. पहिला आठवडा पुढे बसलो, मग मागे गाठोड्यांवर. मागे जास्त आरामशीर. हल्ली मी सायकल काढलीय. पोट बघितलंसच तू.

आता मुद्द्याचं. आमची शाळा कशी निघाली? आकडे सांगू नकोस, नियम मला माहीत आहेत, नुसतं बरी की वाईट ते सांग. आमच्या मुख्याध्यापक बाईंना झोप नाही. त्यांना वाटतं, तुमचा अहवाल वाईट आला की वरचे लोक म्हणतील, इथे सगळी बिघडलेलीच पोरं आहेत, कशाला चालवायची ही शाळा. मागच्या वर्षी पलीकडची एक बंद झालीच. मी त्यांना म्हटलं, काही होत नाही, आपली मुलं शहाणी आहेत.

सुतारकामाच्या वर्गाने तुझ्यासाठी एक लेखणीपेटी केली आहे. झाकण बसत नाही. तरी पाठवतो.

तुझा,
मास्तर


२४ सप्टेंबर

प्रिय मास्तर,

पेटी मिळाली. झाकण बसत नाही हे खरं, पण कोपरे सुरेख जमलेत. ज्याने केले त्याला सांग.

तुमची शाळा बरी निघाली. खरं सांगायचं तर इतकी बरी, की मी दोनदा मोजलं. बाकीच्या सोळा शाळांत जे अर्धी मुलं लिहितात, ते तुमच्याकडे कोणीच करत नाही. सिगारेट नाही, दारू नाही, मारामारी नाही, उपाशी कोणी झोपत नाही. पानामागून पान 'कधीच नाही'. मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी मी दिवसभर त्या मुलांचे चेहरे आठवत बसले. एकाच्या बोटांची टोकं पिवळी होती हे मी स्वतः पाहिलं होतं. पण मी पाहिलेलं मोजत नाही, त्यांनी लिहिलेलं मोजते.

एकोणचाळीसपैकी एक कागद बाद केला. आमचे दोन नियम आहेत. उत्तरं एकमेकांशी भांडत असतील, किंवा एकच कागद वर्गातल्या बाकी सगळ्यांपेक्षा फार वेगळा असेल, तर ती पोरांची थट्टा समजायची. दर ठिकाणी असा एखादा निघतो: दारूही रोज, हाणामारीही रोज, शिवाय हेलिकॉप्टर चालवतो. दोघांनी वेगवेगळं बघून सह्या करायच्या. हा कोणाचा ते मलाही माहीत नाही, म्हणून एक शब्द सांगते. 'गेल्या तीस दिवसांत तुम्ही वाहन चालवलं का' याला 'हो' आणि 'नाही' दोन्हींवर खूण, आणि कडेला लिहिलंय, 'अर्धं'. माझा सहकारी म्हणाला, "अर्धी गाडी म्हणजे कुठली, मागची दोन चाकं?" आम्ही हसलो आणि सही केली.

हे सांगायला नको होतं का? एक शब्द तर आहे. पण पाकीट बंद करण्याआधी मी इथे बराच वेळ थांबले आहे, हेही लिहून ठेवते.

ताई


१६ ऑक्टोबर

मास्तर,

तीन आठवडे झाले. एरवी तू आठवड्यात लिहितोस. तब्येत बरी आहे ना? की मी तुमच्या पोरांच्या शहाणपणावर शंका घेतली म्हणून रुसलास? दोन ओळी टाक.

ताई


१९ ऑक्टोबर

प्रिय ताई,

रुसलो नाही. काय लिहावं ते सुचत नव्हतं, आणि मग लिहिण्यासारखं इतकं झालं की हात चालेना.

गेल्या आठवड्यात, सकाळी आठच्या सुमाराला, लाँड्रीची गाडी पुलाच्या कठड्यावर आदळून उलटली. लाँड्रीवाले बाहेर फेकले गेले, जागीच गेले. इस्त्री वाचली. कंबरेचं हाड मोडलंय, दोन महिने पलंगावर. रस्त्यावर सगळीकडे पांढऱ्या चादरी पसरल्या होत्या. मी सायकलवरून मागून येत होतो, दहा मिनिटांनी पोचलो. लोकांनी त्यातलीच एक त्यांच्या अंगावर टाकली होती.

ती सापडली ड्रायव्हरच्या सीटवर आडवी, दोन्ही हात स्टिअरिंगमध्ये अडकलेले. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्यानेही सांगितलं, स्टिअरिंग पोरगीच फिरवत होती. झालं. चौकशीच्या कागदावर पहिल्याच ओळीत आलं: वाहन अल्पवयीन मुलगी विनापरवाना चालवत होती. लाँड्रीवाल्यांचं रक्त कोणी तपासलंच नाही, कारण चालवणारा तो नव्हता असं आधीच लिहून झालं होतं. तिची आत्या दवाखान्यात आली, दारातूनच म्हणाली, "माझ्या भावाला खाल्लंस," आणि परत गेली.

बारा नोव्हेंबरला सुनावणी आहे. तिला सुधारगृहात पाठवायचं की नाही ते त्या दिवशी ठरेल. अधिकारी विचारतो, गाडी तू चालवत होतीस? ती म्हणते, हो.

ताई, तो बाद केलेला कागद फाडलात का?

मास्तर


२३ ऑक्टोबर

प्रिय मास्तर,

फाडला नव्हता. बाद कागद सहा महिने ठेवून मग नष्ट करतो. खालच्या कपाटात, सतराव्या गठ्ठ्याच्या शेवटी होता. वर माझी सही, स्वच्छ अक्षरात, एकही खाडाखोड नाही.

आता पुन्हा वाचला. त्या दिवशी मी तो वाचला नव्हता, तपासला होता. दारू कधी प्यायलात: कधीच नाही. सिगारेट: कधीच नाही. मारामारी: कधीच नाही. पुढे, 'गेल्या तीस दिवसांत, दारू प्यायलेली व्यक्ती चालवत असलेल्या वाहनात तुम्ही किती वेळा बसलात?' खूण शेवटच्या चौकोनात, 'सहा किंवा जास्त वेळा'. कडेला: रोज. मग ते 'अर्धं'. मग, 'शाळेच्या वाटेवर असुरक्षित वाटल्यामुळे किती दिवस शाळेत आला नाहीत?' एकही दिवस नाही. कडेला: रोज वाटतं. रोज येते.

मास्तर, यात भांडणारं एकही उत्तर नाही. मी ते 'अर्धं' डोळ्यांनी पाहिलं होतं. मी शेजारी बसले होते. तिचा हात शिकायला नव्हता ठेवलेला, धरायला ठेवला होता. लवंगेखाली दुसरा वास होता, तोही मला आला होता. मी चांगल्या बापाबद्दल मनात एक वाक्य तयार केलं आणि ते मला इतकं आवडलं की वास सोडून दिला.

हा कागद सुनावणीत दाखवला तर सगळं बदलेल. पण मी तिला शब्द दिलाय की कोणाचा ते कळणार नाही. तो शब्द मी बावीस शाळांत दिलाय. उद्या तो मोडता येतो असं ठरलं तर कुठलंही मूल कधीच काही लिहिणार नाही. आणि तरीही, दोन दिवस मी हे वाक्य स्वतःला ऐकवते आहे, आणि दर वेळी ते मला माझी नोकरी वाचवणारं वाक्य वाटतं.

कागद तिचा आहे. तिलाच विचार. ती हो म्हणाली तर मी तो घेऊन येते, कार्यालयाने काहीही केलं तरी. विचारताना एकटा जा. आणि तिने जे उत्तर दिलं तेच मला लिही, तुझं नको.

ताई


३० ऑक्टोबर

प्रिय ताई,

विचारलं. खोलीत सहा खाटा, तिची खिडकीजवळची. दवाखान्याच्या चादरीच्या कोपऱ्यावर तिच्या वडिलांच्या लाँड्रीचा शिक्का आहे. ती तो बोटाने चोळत होती.

मी म्हटलं, सर्वेक्षणाच्या बाईंकडे एक कागद आहे, बहुतेक तुझा. तो दाखवला तर तुझ्यावरचं बालंट जाईल. ती म्हणाली, "कोणाचा ते कळणार नाही असं ठरलं होतं." म्हटलं, अगं पण तुझ्याच भल्यासाठी. "बाबांचं त्यात लिहिलंय. ते मी त्या अधिकाऱ्यांना सांगायला लिहिलं नव्हतं." मग विचारलं, "त्या बाईंनी वाचला होता?"

मी हो म्हटलं.

ती म्हणाली, "मग?"

ताई, याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर पाठव.

आणि एक. तू तुमचे नियम लिहिलेस त्या दिवसापासून हे तुला सांगायचं राहिलंय. तुम्ही नमुन्याचा कागद आठवडाभर आधी शाळेला पाठवला होता. तू येण्याच्या आदल्या दिवशी मी वर्गात सांगितलं, "उद्या कागद येईल. डोकं चालवू नका. सगळीकडे 'कधीच नाही'वर खूण करा आणि मोकळे व्हा. शाळा राहायला हवी असेल तर." पोरं हसली. एक म्हणाला, "मास्तर, हा तर पहिल्यांदाच सोप्पा पेपर आला." मुख्याध्यापक बाईंनी सांगितलं नव्हतं, मीच सांगितलं. अडतीस जणांनी माझं ऐकलं. म्हणून तिचा कागद वेगळा दिसला. तुझ्या चाळणीत तो अडकला, पण चाळणीची भोकं मी केली होती.

सुनावणीला शाळेतर्फे मी जाणार आहे. तिची हजेरी आणि वागणूक चांगली असल्याचा दाखला घेऊन. एवढंच करता येईल असं वाटतं.

मास्तर


४ नोव्हेंबर

प्रिय मास्तर,

'मग?'चं उत्तर मी तीन दिवस शोधलं. "मग मी सही केली," एवढंच खरं उत्तर आहे, आणि ते मी तिच्यासमोर बसून सांगणार आहे.

तू मुलांना सांगितलंस त्याबद्दल तुला बोलण्याचा अधिकार मला नाही. अडतीस कागद खोटे वाटत असूनही मी ते ठेवले, कारण ते एकमेकांसारखे होते. कार्यालयात मी आज तसं लिहून दिलं. तुमच्या शाळेचे सगळे कागद बाद व्हावेत आणि तो एक ठेवावा, असं सुचवलं. वरिष्ठ म्हणाले, "एका कागदाची शाळा कशी मोजायची, बाई?" त्यांचं गणित बरोबर आहे.

तिचा कागद मी आणणार नाही. ती नाही म्हणाली, विषय संपला. पण त्या गाडीत मी बसले होते, आणि मी काय पाहिलं ते काही गोपनीय नाही. ते लिहायला मला कोणाच्या लिफाफ्याची गरज नाही. आधी मला फक्त कागदच सुचला याची लाज वाटते. दुसऱ्याने लिहिलेलं मोजायची इतकी सवय झाली आहे. तेव्हा माझा जबाब असा: २ सप्टेंबर, दुपारी. गाडी चालवणाऱ्याच्या तोंडाला वास होता. मुलीचा हात स्टिअरिंगवर होता आणि वळणावर ती गाडी सावरत होती. मी हे पाहिलं आणि उतरताना त्यांचे आभार मानले.

यामुळे तिच्या वडिलांचं नाव निघेल. तिला ते नको आहे. म्हणून दहा तारखेच्या सकाळच्या बसने येते, आधी तिच्याकडे जाते, तिला वाचून दाखवते. तिने मला शिव्या दिल्या तर ऐकेन. पण हे माझं पाहिलेलं आहे, तिचं लिहिलेलं नाही, आणि सोळा वर्षांची मुलगी आयुष्यभर बापाला मारल्याचा शिक्का घेऊन फिरणार असेल, तर या वेळी मी गप्प बसायची परवानगी तिच्याकडून घेणार नाही. हे चूक असेल. माझ्या वहीत दोन्ही बाजू लिहिल्या आहेत, आणि दोन्ही सारख्याच लांबीच्या आहेत.

माझा जबाब एका वेळचा आहे. अधिकारी म्हणेल, बाई, एकदा बसलात, त्यावरून काय. म्हणून सोबत सर्वेक्षणाचं एक पान पाठवते आहे. किती वेळा बसलात, हा एकच प्रश्न ठेवलाय, बाकी कापून टाकलेत. तू जूनपासून त्या गाडीत बसत होतास. तू काय पाहिलंस ते मी विचारत नाही, तुझ्या मागच्या पत्रांत मी ते पुन्हा पुन्हा शोधलं आणि मला सापडलं नाही. खाली नावासाठी रेघ आखली आहे. या एका कागदावर ती लागेल.

ताई


८ नोव्हेंबर

प्रिय ताई,

पान भरून सोबत परत पाठवतो आहे. तू निघायच्या आत मिळावं म्हणून इकडून येणाऱ्या बसच्या कंडक्टरकडे देतो आहे.

तुला अर्धंच लिहिलं होतं. 'मग?' म्हणून ती थांबली नव्हती. त्यानंतर म्हणाली, "आणि कागद कशाला हवा? तुम्ही तर गाडीतच होतात, मास्तर." रागाने नाही. वर्गात एखाद्याच्या लाकडाचं माप चुकलं तर मी जसं सांगतो, तसं.

पहिल्या आठवड्यात पुढे बसलो तेव्हाच दिसलं सगळं. मागे आरामशीर होतं म्हणून गेलो नाही. मागून स्टिअरिंग दिसत नाही म्हणून गेलो. नमुन्याचं पान आलं तेव्हा हाच प्रश्न वाचून घाबरलो आणि सायकल काढली. तुमच्या सर्वेक्षणाचा उपयोग झाला नाही असं समजू नकोस. एक माणूस त्याने सावध झाला आणि एकटाच उतरला. पोरीला म्हणालो, डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय. ती म्हणाली, "बरं केलंत." तुलाही स्टँडवर सोडायला त्यांना मीच सांगितलं. दुपारी ते बरे असतात, असं मी धरून चाललो होतो.

मुख्याध्यापक बाईंना सांगितलं आहे. त्या म्हणाल्या, "हे लिहिलंत तर तुम्हाला ठेवता येणार नाही." मी हत्यारं मोजून कपाटात ठेवली, किल्ली दिली. बाराला दाखला घेऊन जात नाही, हेच पान देणार, दहाला येताना बरोबर आण. ते आधी तू वाच.

तुमचा प्रश्न 'गेल्या तीस दिवसांत' असा आहे. त्या हिशोबाने माझं खरं उत्तर 'एकदाही नाही' असंच येतं. बराच वेळ पेन त्या चौकोनावर धरून बसलो होतो. मग 'गेल्या तीस दिवसांत' खोडलं आणि शेवटच्या चौकोनात खूण केली. कडेला लिहिलंय: रोज.

खाली पूर्ण नाव आहे.

मास्तर